पीडित आणि साक्षीदार यांचा पाठीराखा

फौजदारी खटल्याच्या कागदावर 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध' अमुक आरोपी असे शीर्षक असते. ज्याच्या घरी दरोडा पडला, जिच्यावर अत्याचार झाला, ज्यांचा मुलगा मारला गेला, त्यांचे नाव या शीर्षकात नसते. ते साक्षीदारांच्या यादीत सापडते. गुन्हा हा केवळ एका व्यक्तीविरुद्ध नसून संपूर्ण समाजाविरुद्ध असतो आणि म्हणून त्याचा खटला शासनाने चालवावा, हे तत्त्व त्यामागे आहे. ते योग्यही आहे, कारण त्यामुळे दुर्बलाला स्वत:च्या खर्चाने बलवानाविरुद्ध लढावे लागत नाही. मात्र याच तत्त्वाचा दुसरा परिणाम असा, की आरोपीला त्याचा वकील असतो, शासनाला सरकारी वकील असतो आणि पीडित व्यक्ती केवळ 'समन्स आले की हजर राहायचे' एवढ्याच नात्याने न्यायालयाशी जोडलेली राहते. पुढची तारीख कोणती, आरोपीला जामीन मिळाला काय, उलटतपासणी म्हणजे काय, हे तिला सांगणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नसते.

ही रिकामी जागा भरून काढणे हाच पीडित व साक्षीदार साहाय्यकाचा व्यवसाय होय. इंग्रजी भाषक देशांत त्याला 'व्हिक्टिम ॲडव्होकेट' म्हणतात. आपल्याकडे ॲडव्होकेट म्हटले की काळा कोट डोळ्यांसमोर येतो. परंतु येथे अभिप्रेत असलेली व्यक्ती वकील असेलच असे नाही. बहुतेक वेळा ती समाजकार्याचे शिक्षण घेतलेली कार्यकर्ती असते. 'पाठीराखा' हा मराठी शब्द या कामाला अधिक जवळचा आहे. तो पीडिताच्या वतीने बोलत नाही. पीडिताला स्वत: बोलता यावे यासाठी त्याच्या पाठीशी उभा राहतो.

कल्पनेचा उगम

गुन्हेगाराचे काय करावे याचा विचार समाजाने शतकानुशतके केला; गुन्हा सोसणाऱ्याचे काय, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. न्यूझीलंडने १९६३ मध्ये गुन्ह्यामुळे झालेल्या इजेसाठी सार्वजनिक निधीतून भरपाई देणारा कायदा केला. १९६४ मध्ये ब्रिटनने तशी योजना आणली. पैशांपलीकडे माणसाला माणसाची सोबत लागते, ही जाणीव त्यानंतरची. १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्त्री-चळवळीने बलात्कारपीडितांसाठी साहाय्य केंद्रे उघडली. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९७४ मध्ये स्वयंसेवकांनी पीडितांच्या घरी जाऊन मदत करण्याचा उपक्रम सुरू केला. अमेरिकेत १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कार्यदलाच्या शिफारशींनंतर १९८४ चा कायदा झाला आणि गुन्हेगारांकडून वसूल होणाऱ्या दंडातून पीडित साहाय्याला निधी मिळू लागला. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पीडितांना न्याय मिळण्याविषयीची मूलतत्त्वे जाहीर केली. सन्मानाची वागणूक, माहिती, भरपाई आणि साहाय्य ही त्यांची चतु:सूत्री म्हणता येईल.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे एका पराभवात आहेत. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखला जातो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांची मुक्तता केली. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराच्या खटल्याचे कामकाज बंद दालनात चालवणे आणि पीडितेची ओळख गुप्त राखणे या तरतुदी तेव्हापासूनच्या. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसावी, ही कल्पना तेव्हा नवी होती. या शतकाच्या आरंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' यांनी 'दिलासा' केंद्र उभारले. 'मजलिस' या मुंबईतील कायदा केंद्राने 'राहत' उपक्रमातून लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सोबत देण्याचे काम केले.

कायद्यातील स्थान

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये 'दिल्ली डोमेस्टिक वर्किंग विमेन्स फोरम' प्रकरणात सांगितले, की लैंगिक अत्याचाराची फिर्याद देणाऱ्या स्त्रीला पोलीस ठाण्यातच कायदेशीर मदत मिळावी आणि तेथे तिची बाजू सांभाळणारी व्यक्तीच खटल्याच्या शेवटापर्यंत तिच्यासोबत असावी. शेवटापर्यंत एकच व्यक्ती असावी, हा या कामाचा गाभा आहे. तपास अधिकारी बदलतो, सरकारी वकील बदलतो, न्यायाधीशांचीही बदली होते. पीडिताला प्रत्येक नव्या माणसापुढे तीच कहाणी नव्याने सांगावी लागते. न बदलणारा एक तरी चेहरा असावा, एवढीच ही अपेक्षा आहे.

फौजदारी प्रक्रिया संहितेत ३१ डिसेंबर २००९ पासून झालेल्या दुरुस्तीने 'पीडित' या शब्दाची व्याख्या प्रथमच आली. सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी स्वत:चा वकील नेमण्याची मुभा, निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपिलाचा हक्क आणि राज्याने भरपाई योजना आखण्याचे बंधन या गोष्टी तेव्हा लागू झाल्या. मात्र पीडिताच्या वकिलाला स्वतंत्रपणे साक्षीदार तपासता येत नाही, त्याची भूमिका सरकार पक्षाला साहाय्य करण्याचीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणातील जामिनाचा आदेश रद्द करताना याच न्यायालयाने पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क असल्याचे म्हटले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या हक्कांत थोडी भर पडली. प्रथम खबरीची प्रत पीडितालाही विनामूल्य द्यावी लागते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादी किंवा पीडिताला कळवावी लागते. खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते. दोषारोपपत्राच्या प्रती पीडितालाही मिळतात. परंतु त्याच्या वतीने वकील हजर असेल तरच. म्हणूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लवकरात लवकर वकील मिळवणे हे पाठीराख्याचे महत्त्वाचे काम ठरते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते.

दोन कायद्यांनी मात्र पाठीराख्याला नावानिशी जागा दिली आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या 'पोक्सो' कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी 'साहाय्यक व्यक्ती' नेमते. तिने तपास व खटल्याच्या काळात मुलाला मदत करायची आणि समितीला मासिक अहवाल द्यायचा असतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ मध्ये दलित व आदिवासी पीडितांना स्वयंसेवी संस्था, समाजकार्यकर्ते किंवा वकील यांचे साहाय्य घेण्याचा हक्क आहे. साक्षीदारांचा प्रवासखर्च, निर्वाहखर्च आणि संरक्षण यांची जबाबदारीही त्यात शासनावर आहे.

प्रत्यक्ष काम

कामाची सुरुवात बहुधा पोलीस ठाण्यात होते. फिर्याद ज्या शब्दांत सांगितली त्याच शब्दांत उतरली काय, हे सहीपूर्वी वाचून पाहण्यास सांगणे, प्रत मागून घेणे, गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी नोंदवता येतो याची आठवण करून देणे, या गोष्टी दिसायला लहान असतात. परंतु खटल्यात सर्वाधिक प्रश्न विचारले जातात ते याच पहिल्या कागदावर. रुग्णालयात पीडितेची संमती घेतल्याशिवाय तपासणी होणार नाही, उपचाराची संमती आणि पुराव्यासाठीच्या तपासणीची संमती वेगवेगळी आहे, सरकारी वा खासगी कोणत्याही रुग्णालयाने बलात्कार व अ‍ॅसिड हल्ल्याच्या पीडितांवर तातडीने मोफत उपचार केले पाहिजेत, हे तिला आणि प्रसंगी तेथील कर्मचाऱ्यांनाही सांगावे लागते. तथाकथित 'दोन बोटांची चाचणी' करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे.

यानंतर येतो तो प्रतीक्षेचा दीर्घ काळ. दोषारोपपत्र दाखल होते, तारखा पडत राहतात आणि पीडिताकडे कोणी फिरकत नाही. साक्षीदार तुटतात ते प्रामुख्याने याच काळात. आरोपीचे नातेवाईक निरोप धाडतात, सोयरे-शेजारी 'झाले गेले विसरा' म्हणतात, रोजंदारीवरचा माणूस एकेका तारखेला एका दिवसाची मजुरी गमावतो. पाठीराखा या काळात पैरवी अधिकाऱ्याकडून तारीख कळवतो, जामिनाच्या सुनावणीची वार्ता देतो, साक्षीभत्त्याचा अर्ज करण्यास मदत करतो, धमकी आली तर ती कोणत्या दिवशी, कोणाकडून, कोणत्या शब्दांत आली हे लिहून ठेवायला सांगतो. समुपदेशक, निवारा, मुलांची शाळा यांची व्यवस्थाही अनेकदा त्यालाच पाहावी लागते.

साक्षीचा दिवस

साक्षीच्या दिवसाची तयारी हे या कामातील सर्वांत नाजूक अंग आहे. न्यायालय न पाहिलेल्या माणसाला पाठीराखा आधी एकदा रिकामे दालन दाखवतो. न्यायाधीश कोठे बसतात, साक्षीदाराचा पिंजरा कोठे, आरोपी कोठे उभा असेल, पुकारा कसा होतो, शपथ कशी घेतात, हे समजावतो. सरतपासणी सरकारी वकील घेतील, उलटतपासणी आरोपीचे वकील घेतील, आणि त्यांचे प्रश्न बोचरे असले तरी तो त्यांच्या कामाचा भाग आहे, हेही सांगतो. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणावे, आठवत नसेल तर तसे सांगावे, अंदाजाने उत्तर देऊ नये, सही करण्यापूर्वी नोंदवलेली साक्ष समजून घ्यावी, या सूचना कोणत्याही साक्षीदाराला देता येतात.

याच्या पुढे मात्र जायचे नसते. काय उत्तर द्यावे, हे सांगायचे नाही. जबाबातील मजकूर पाठ करवून घ्यायचा नाही. दोन साक्षीदारांच्या आठवणींची सांगड घालून द्यायची नाही. 'तुम्हाला हे कोणी शिकवले?' हा उलटतपासणीतील ठरलेला प्रश्न आहे. पढवलेली साक्ष असा संशय न्यायालयाला आला, तर खरे बोलणाऱ्याचीही साक्ष बाद होऊ शकते. धीर देणे आणि पढवणे यांतील ही सीमा ज्याला ओळखता येत नाही, त्याची मदत पीडितालाच महागात पडते. आरोपीलाही न्याय्य सुनावणीचा हक्क आहे, हे पाठीराख्याने कधी विसरायचे नसते.

मुलांच्या बाबतीत कायद्याने अधिक काळजी घेतली आहे. पोक्सो खटल्यात आरोपीच्या वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नसतात. ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. मुलाला आरोपी दिसू नये, वारंवार न्यायालयात यावे लागू नये, साक्ष चालू असताना विश्रांती मिळावी, विश्वासातील व्यक्ती जवळ असावी, अशा तरतुदी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दूरदृश्य माध्यमातून साक्ष घेण्यास मान्यता दिली. २०१७ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातून आलेल्या एका मूकबधिर पीडितेच्या प्रकरणात, त्याने दुर्बल साक्षीदारांसाठी प्रत्येक उच्च न्यायालयाच्या कक्षेत किमान दोन विशेष केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले. जानेवारी २०२२ मध्ये 'दुर्बल साक्षीदारा'ची व्याख्या रुंदावून प्रत्येक जिल्ह्यात असे केंद्र असावे असे सांगितले. अशा केंद्रात साक्षीदाराची येण्याची वाट आणि बसण्याची खोली आरोपीपासून वेगळी असते.

साक्षीदार फिरतो तेव्हा

साक्षीदार एकटा पडला की काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वडोदऱ्याचा बेस्ट बेकरी खटला. १ मार्च २००२ रोजी तेथे १४ जणांचे बळी गेले. महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाल्यावर २००३ मध्ये सर्व २१ आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर मुख्य साक्षीदाराने आपण भीतीपोटी खोटे बोललो असे जाहीर केले. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खटला महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा आदेश दिला. मुंबईत ती साक्षीदार पुन्हा फिरली. फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली (२०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवून पाच जणांना सोडले) आणि मार्च २००६ मध्ये त्या साक्षीदारालाच न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद झाली. शपथेवर खोटे बोलणे हा गुन्हाच आहे. परंतु स्वत:चे आप्त गमावलेली एक तरुण स्त्री खटल्याच्या अखेरीस तुरुंगात जाते, तेव्हा व्यवस्थेने तिला कोणता आधार दिला होता, हा प्रश्नही उरतोच.

त्याचे उत्तर देण्यास आणखी बारा वर्षे लागली. आसाराम प्रकरणातील साक्षीदारांवरील हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. महाराष्ट्राने २०१७ चा स्वतंत्र कायदाही केला आहे. केंद्रीय योजनेनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. जिल्हा पोलीस प्रमुख सदस्य आणि अभियोग पक्षाचे प्रमुख सदस्य-सचिव असतात. साक्षीदाराने अर्ज केला की पोलीस उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी पाच दिवसांत धोक्याचा अहवाल देतो. जिवाला धोका, सुरक्षितता-प्रतिष्ठा-मालमत्तेला धोका आणि त्रास-दमदाटी अशा तीन श्रेणी आहेत. त्यानुसार न्यायालयात ने-आण करताना बंदोबस्त, घराला कॅमेरे, दूरध्वनी क्रमांक बदलणे, तात्पुरते स्थलांतर आणि अगदी विरळा प्रसंगी नवी ओळख इथपर्यंत उपाय करता येतात. संरक्षणाचा आदेश एका वेळी तीन महिन्यांपुरताच असतो. मुदत संपण्यापूर्वी पुन्हा अर्ज करण्याची आठवण ठेवावी लागते. धमकीच्या त्या लिहून ठेवलेल्या नोंदी येथे उपयोगी पडतात.

भरपाई आणि निकालानंतर

भरपाई ही आरोपीला शिक्षा होण्यावर अवलंबून नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. आरोपी सापडला नाही किंवा सुटला, तरी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. अंतरिम मदतही मिळू शकते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांच्या पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. २०१७ च्या अखेरीस तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये करण्यात आली. निकाल देताना न्यायालयाने भरपाईचा विचार केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अंकुश गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितले आहे. निकाल विरोधात गेल्यास अपिलाची मुदत, तुरुंगातून आरोपी बाहेर येण्याची शक्यता, या गोष्टीही समजावून सांगाव्या लागतात.

पात्रता आणि मर्यादा

या कामासाठी देशात एकच असा परवाना नाही. पोक्सो नियमांनुसार नोंदणी करायची असल्यास समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र वा बालविकास यांतील पदव्युत्तर पदवी, किंवा पदवी आणि बालक्षेत्रातील तीन वर्षांचा अनुभव लागतो. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था व निर्मला निकेतन, पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था येथील समाजकार्याच्या पदव्या या क्षेत्राकडे नेणाऱ्या आहेत. कायद्याची पदवी जोडीला असल्यास उत्तम. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तासन् तास बाकावर थांबण्याची, ऐकून घेण्याची आणि न बोलण्याची तयारी.

दोन मर्यादा मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट कराव्या लागतात. वकील आणि पक्षकार यांच्यातील संभाषणाला पुरावा कायद्यात जे गुप्ततेचे संरक्षण आहे, ते समाजकार्यकर्त्याला नाही. त्याला साक्षीला बोलावले जाऊ शकते. म्हणून नोंदवहीत आवश्यक तेवढेच लिहावे. दुसरे, मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे सर्वांवर बंधनकारक आहे. 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन पाठीराखा अशा वेळी देऊ शकत नाही. पीडितेची ओळख प्रसिद्ध होऊ न देणे हे तर त्याच्यावर कायद्याचे बंधनच आहे.

या क्षेत्रातील पदे बहुतांशी कंत्राटी वा प्रकल्पापुरती असतात. निधी संपला की कार्यकर्ती बदलते आणि ज्या सलगतेसाठी हे काम आहे तीच तुटते. दिवसेंदिवस दुसऱ्याचे दु:ख ऐकणाऱ्याच्या मनावर होणाऱ्या परिणामांची दखलही क्वचितच घेतली जाते. सरकारी वकिलाचे पद जसे प्रत्येक न्यायालयात कायम असते, तसे पाठीराख्याचेही असावे, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. खटल्याचा निकाल पुराव्यावर लागतो आणि तो पाठीराख्याच्या हाती नसतो. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्याला काय विचारले जात आहे हे कळावे आणि खरे बोलून तो सुरक्षित घरी परतावा, एवढे मात्र त्याच्या हाती असते.

मदत हवी असल्यास : विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००, महिला हेल्पलाइन १८१, बालकांसाठी १०९८. जिल्ह्यातील 'सखी' वन स्टॉप सेंटर आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय येथे समक्ष जाऊनही अर्ज करता येतो.